दोरी बांधलेली बॅग आणि दुबईचे सहा दिवस

बाबा 1979 साली दुबईला गेले ते वायरमन म्हणून. चिपळूणजवळच्या गावातून एसटीने मुंबई, मुंबईत एजंटच्या ऑफिसबाहेर तीन आठवडे, आणि मग विमान. 1986 ला कायमचे परत आले. त्या सात वर्षांत त्यांनी दुबईत काय बघितलं तर साइट, कामगारांचा कॅम्प, आणि शुक्रवारी सुट्टी असली की देरा, म्हणजे तिथला जुना बाजाराचा भाग. बास. त्यामुळे गेल्या डिसेंबरात मी जेव्हा घरात जाहीर केलं की आपण सगळे दुबईला जातोय, मी, नवरा, दहा वर्षांचं आमचं कार्टं आणि आई-बाबा, तेव्हा बाबांची पहिली प्रतिक्रिया होती, "तिकडं बघायला काय आहे गो? वाळू."

मी तीन महिने रील्स बघून प्लॅन केला होता, एक्सेल शीट होती, रंग दिले होते. त्यात बाबांचा एकही कॉलम नव्हता हे मला तिथे गेल्यावर कळलं.

निघायच्या आधी

दोन गोष्टी सांगते, बाकी व्हिसा वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं.

पहिली खसखस. यूएईत खसखस न्यायला बंदी आहे, ड्रग्जच्या यादीत येते, गंमत नाही. आईने थंडी म्हणून डिंकाचे लाडू केले होते, पन्नास, आणि त्यात भरपूर खसखस. मी सांगितलं तर तिला वाटलं मी बॅगेचं वजन वाचवायला थापा मारतेय. शेवटी बाबा म्हणाले, "आमच्या वेळी पण नव्हते नेऊ देत," मग पटलं. लाडू शेजारी वाटले. गोडा मसाला पण काढायला लावला, कारण आमच्याकडे त्यातही खसखस असते. आईबाबांची बीपी-शुगरची औषधं मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीसकट नेली, काही औषधांना तिकडे परवानगी लागते, आधी चेक करा.

दुसरी दोरी. बाबांनी त्यांच्या निळ्या बॅगेला पिवळी नायलॉनची दोरी बांधली. आडवी दोनदा, उभी एकदा, आणि वर मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा. मला इतकं ऑकवर्ड झालं की रात्री सगळे झोपल्यावर मी ती कापून टाकली आणि सकाळी म्हटलं सैल झाली होती. बाबा काही बोलले नाहीत.

दिवस 1

मुंबईहून तीन-सव्वातीन तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास मागे. इमिग्रेशनला फार वेळ गेला नाही. वेळ गेला बॅगेला. बेल्टवर निळ्या बॅगा सहा-सात, आमची कुठेच नाही, पाऊण तास आम्ही उभे, मग एक केरळी कुटुंब गेटपासून धावत परत आलं, सॉरी सॉरी करत, ते आमची घेऊन निघाले होते. बाबांनी बॅग घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं. एवढंच.

एअरपोर्टवरूनच मेट्रो मिळते. नोल कार्ड काढायचं आणि टॅप करत फिरायचं. ही मेट्रो 9 सप्टेंबर 2009 ला सुरू झाली, 09-09-09, आणि हिला ड्रायव्हर नाही, त्यामुळे पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून उभं राहता येतं, पण तो बहुतेक गोल्ड क्लास असतो हे लक्षात ठेवा, त्याचं तिकीट वेगळं. बायका-मुलांचा भाग वेगळा असतो, खाली गुलाबी पट्टी असते. बाबा गर्दीत नेमके पट्टीच्या पलीकडे उभे राहिले आणि एक बाई त्यांना खुणेने मागे व्हा म्हणाली. दंड असतो त्याला. खाण्यापिण्यालाही दंड, च्युइंगम चघळायलाही. आमच्या पोराने दुसऱ्याच मिनिटाला बॅगेतून चिवडा काढला होता, नवऱ्याने तो अशा वेगाने आत कोंबला की बॉम्ब असावा.

हॉटेल बर दुबईत, म्हणजे खाडीकाठच्या जुन्या भागात, मीना बाजारजवळ. मुद्दाम तिथे घेतलं, कारण तिथे उडुपी, गुजराती थाळी, चाट, सगळं चालत जाऊन मिळतं आणि आईबाबांना रोज बिर्याणी झेपणार नव्हती. खाली उतरलं की हिंदी, मल्याळम, उर्दू. कुणी अरबीत बोललंच नाही आमच्याशी सहा दिवसांत. यूएईत 35 लाखांच्या वर भारतीय आहेत, मुंबई-पुण्याचे पण ढीगभर, बस स्टॉपवर मागून "अगं ए, थांब की" ऐकू आलं की आपण दचकतो.

बाबांना सगळ्यात जास्त धक्का बस स्टॉपचा बसला. बंद काचेचे, आत एसी. "स्टॉपला एसी?" ते दोनदा आत जाऊन आले.

दिवस 2: जुनी दुबई, म्हणजे बाबांची

माझ्या शीटमध्ये हा हाफ डे होता. पूर्ण दिवस गेला.

सकाळी अल फहिदी, ज्याला पूर्वी बस्तकिया म्हणायचे. इराणमधल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली वस्ती, म्हणून ते नाव. मातकट रंगाच्या भिंती, अरुंद बोळ, आणि घरांवर चौकोनी मनोरे. ते मनोरे म्हणजे वीज नसतानाचा एसी, त्याला बर्जील म्हणतात. चारही बाजूंनी उघडे असतात, वारा कुठूनही येवो, पकडला जातो आणि खाली खोलीत उतरतो. मी पोराला हे समजावत होते तर बाबा मनोऱ्याच्या खाली जाऊन उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "येतोय की." डिसेंबर होता म्हणून, पण खरंच येत होता. ही वस्ती ऐंशीच्या दशकात पाडायला निघाले होते, थोडीफार गेलीही. 1989 मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स येऊन बघून गेले आणि ती वाचवण्याच्या बाजूने बोलले, त्यानंतर राहिली असं सांगतात. बाजूचा किल्ला 1787 चा, दुबईत आज उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत. आपल्याकडचे गड बघितलेल्या माणसाला तो गढीएवढा वाटतो, पण हे गाव तेव्हा मोत्यांवर आणि मासळीवर जगत होतं हे डोक्यात ठेवून बघायचं.

आणि मोती जायचे कुठे, तर मुंबईला. इथल्या समुद्रातून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात, तिथून पुढे युरोप. पैसाही आपलाच, 1966 पर्यंत इथे रुपया चालायचा, 1959 पासून तर आरबीआयने आखातासाठी वेगळा रुपया छापला होता. बाबा म्हणाले, त्यांच्या वेळी दिरहम येऊन काही वर्षं झाली होती तरी म्हातारे अरब दुकानदार किंमत सांगताना "रुबिया"च म्हणायचे, आणि नवीन आलेली आपली माणसं त्याला फसायची, खिशातले रुपये काढायची.

मग खाडी. क्रीक. इथे अब्रा चालतात, लाकडी, सपाट, मध्ये पाठीला पाठ लावून बसायचं, कठडा नाही, वीसेक माणसं भरली की डिझेल इंजिन धडधडत निघायचं. भाडं 1 दिरहम, म्हणजे सध्याचे साधारण 24 रुपये. सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी गोष्ट, मी अतिशयोक्ती करत नाहीये. कार्ड वगैरे नाही, सुटं नाणं हातात ठेवा. डोक्यावर सीगल, पाण्याला डिझेलचा आणि माशांचा वास, समोर देराची बाजू, आणि कडेला गलबतं लागलेली, खरीखुरी लाकडी गलबतं, ज्यांच्यावर फ्रिज, टायर, गाद्या चढवून इराण, सोमालियाकडे नेतात.

आम्ही पलीकडे उतरलो. बाबा उतरले नाहीत. नावाड्याने हात केला तर यांनी आणखी एक दिरहम काढून दिला आणि बसून राहिले, एकटेच गेले परत बर दुबईला आणि पुढच्या अब्राने आले. वीस मिनिटं आम्ही धक्क्यावर. आई वैतागली, "काय हो हे, पोरासारखं!" ते म्हणाले, "शुक्रवारी हेच करायचो. उन्हाळ्यात खोलीत दहा माणसं, हवेला म्हणून इकडून तिकडं, तिकडून इकडं. पैसे संपत आले की चालत."

देराच्या बाजूला उतरलं की आधी मसाल्यांचा बाजार. पोत्यांमध्ये वाळवलेली लिंबं, केशर, धूप, गुलाबाच्या कळ्या. दुकानदार हाका मारतात, "नमस्ते, कैसा है, केशर देखो," भाव अर्धा करून मागा, लाजू नका. आईने वाळकी लिंबं हातात घेऊन विचारलं, ही खराब झालेली विकतात का? तिला सांगितलं की ती अशीच वाळवतात, रश्शात घालतात. नाही पटलं.

पुढे सोन्याचा बाजार. छपराखालची गल्ली, दोन्ही बाजूंना काचा, आणि काचांच्या मागे सोन्याचे अक्षरशः अंगरखे. एका दुकानात ती जगातली सगळ्यात मोठी अंगठी ठेवलीय, नजमत तैबा, 21 कॅरेट, खड्यांसकट सुमारे 64 किलो. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मोडायला गेलं तर घडणावळ किती जाईल." आम्ही काही घेतलं नाही. आईच्या गळ्यात जी साखळी आहे ती बाबांनी याच बाजारातून 1983 ला घेतलेली, दुकान सापडतंय का बघितलं, नाही सापडलं. तिथे आता परफ्यूम विकतात, की ती दुसरीच गल्ली होती, बाबांना नक्की सांगता येईना.

दुपारनंतर बाबांनी आम्हाला अल घुरैर सेंटरला नेलं. कुठल्याच टॉप टेनमध्ये नसतं हे. 1981 चा मॉल, दुबईतला पहिला. आज बघाल तर डोंबिवली-ठाण्यातल्या मॉलसारखाच. पण बाबा आणि त्यांचा खेडचा रूममेट दर शुक्रवारी इथे यायचे, विकत काही घ्यायला नाही, फुकट थंड हवा खायला. एकदा इथूनच त्यांनी टू-इन-वन घेतला, कॅसेट वाजवणारा आणि रेकॉर्ड करणारा. मग पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे, कोणी गावाला निघालं की त्याच्या हाती. आईला विचारलं काय असायचं त्यात? म्हणाली, "पहिली पाच मिनिटं हॅलो हॅलो. मग पैसे कुणाकुणाला किती द्यायचे ते. मग मागे कुणीतरी भांडी घासतंय त्याचा आवाज." दोघं हसायला लागले. तेव्हा मी दोन वर्षांची होते म्हणे, आणि कॅसेट लावली की टेपच्या मागे जाऊन बघायचे माणूस कुठाय.

संध्याकाळी कडक चहा, म्हणजे तिकडचा करक. वेलची, आटवलेलं दूध, कागदी कप, 1-2 दिरहम. चार कप झाले.

दिवस 3: बुर्ज खलिफा, दुबई मॉल

हा माझा दिवस.

मेट्रो स्टेशनचं नावच बुर्ज खलिफा-दुबई मॉल आहे, पण उतरल्यावर मॉलपर्यंत एसी पुलावरून पाऊण-एक किलोमीटर चालायचंय, सरकते पट्टे आहेत तरी. गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ टॅक्सी करा, आम्ही आईच्या शिव्या खाल्ल्या.

मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं. आम्ही बाहेरूनच बघितली. मत्स्यालयाची मोठी काच मॉलमधूनच फुकट दिसते, 1 कोटी लिटरची टाकी, शार्क, रे, सगळं डोक्यावरून जातं, आत बोगद्यात जायचं तरच तिकीट. मला विचाराल तर बाहेरून भागतं. धबधबा बघा, त्यात उड्या मारणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत, तिथे फोटो काढायला रांग लागते.

बुर्जचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. सूर्यास्ताच्या वेळचं महाग असतं, सकाळचं स्वस्त, आम्ही सकाळचं घेतलं. 828 मीटर, 163 मजले, 4 जानेवारी 2010 ला उघडलं. नाव आधी बुर्ज दुबई होतं, मंदीत शेजारच्या अबू धाबीने पैसा दिला आणि उद्घाटनाला तिथले तेव्हाचे राजे शेख खलिफा यांचं नाव लागलं. 124 व्या मजल्यावर लिफ्ट साधारण मिनिटभरात जाते, कानात दडे बसतात आणि दार उघडतं. वरून गाड्या मुंग्यांएवढ्या वगैरे ते सगळं आहेच, पण मला आश्चर्य वाटलं ते याचं की एवढं शहर आणि ते कुठे संपतं ते दिसतं. रस्ता, बिल्डिंगा, बिल्डिंगा, आणि मग एकदम वाळू, मध्ये काहीच नाही, पुसून टाकल्यासारखं.

आम्ही फोटो काढत होतो आणि बाबा काचेच्या कडेच्या फटी बघत होते. त्यांचे प्रश्न: एसीचा लोड किती असेल? काचा कोण पुसतं? माझ्याकडे ही माहिती होती कारण रील्समध्ये येते. काचा 24 हजारांच्या वर, एकदा सगळ्या पुसायला तीन महिने लागतात, आणि झाल्या की परत पहिल्यापासून. एसीच्या थंड पाइपांवर हवेतला दमटपणा जमतो, ते पाणी फेकत नाहीत, गोळा करून खालच्या झाडांना देतात. हे ऐकून बाबा एकदम खूश. "ही अक्कल. आमच्या कॅम्पवर पण एसीच्या पाइपखाली बादली ठेवायचो, कपडे धुवायला." बांधकामाच्या भरात एका वेळी 12 हजार कामगार होते इथे. बाबांनी हा आकडा ऐकला आणि नुसते हूं म्हणाले. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे आता, 15 जून ते 15 सप्टेंबर. "आता आहे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी कारंजी. बुर्जच्या पायथ्याच्या तळ्यात, फुकट, अंधार पडल्यावर दर अर्ध्या तासाने. मधोमधचं पाणी तर 150 मीटरपर्यंत उडतं, आवाज तोफेसारखा. पोरगं पहिल्यांदा गप्प झालं. पुढे उभं राहायचं तर वीस मिनिटं आधी जागा धरा, नाहीतर लोकांच्या मोबाइलमधून बघावं लागतं.

दिवस 4: डेझर्ट सफारी

दुपारी अडीच-तीनला लँड क्रूझर हॉटेलवर घ्यायला येते. ड्रायव्हर पेशावरचा, गप्पिष्ट, हिंदी गाणी लावून. शहर सोडून लहबाबकडे, तिथली वाळू खरंच लाल आहे, फोटोत रंग वाढवलेला नसतो. वाळूच्या आधी गाड्या थांबतात आणि सगळ्या टायरमधली हवा काढतात, साधारण निम्म्यावर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. मग जे सुरू होतं ते मी शब्दांत काय सांगू. गाडी टेकडीवर चढते, वर क्षणभर समोर फक्त आकाश, आणि मग तिरकी घसरते, खिडकीला वाळू लागते. मी किंचाळले, पोरगं हसत होतं, नवरा दहाव्या मिनिटाला हिरवा. ड्रायव्हरकडे पिशव्या तयारच होत्या. दुपारी जेवून जाऊ नका. पाठीचं दुखणं, हार्टचा त्रास, प्रेग्नन्सी असेल तर हे नकोच, आधी सांगितलं तर सरळ कॅम्पवर सोडतात. आईबाबांना आम्ही तसंच पाठवलं होतं.

तर आम्ही कॅम्पवर पोचलो तेव्हा आईच्या दोन्ही हातांवर मेंदी आणि बाबा उंटवाल्याशी बोलत बसलेले. उंटावर बसायला फुकट असतं पण फेरी एवढीशी, आपल्या चौपाटीवरच्या घोड्यापेक्षा छोटी. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा पुढे तोंडावर पडायला होतं, मागे झुकून घट्ट धरा.

रात्री जेवण, बार्बेक्यू, व्हेजची वेगळी रांग, तनुरा नाच, ज्यात माणूस दिव्यांचा घेरदार झगा घालून गोल गोल फिरतो आणि आपल्यालाच चक्कर येते. बाबांनी ताटात कुबूस घेतला, म्हणजे तिकडची पातळ गोल रोटी. मी म्हटलं, बाबा, रुमाली आहे, नान आहे. "राहू दे. सात वर्षं कुबूस आणि डाळ खाल्ली, बघू अजून तशीच लागते का." तोडून खाल्ला, आणि म्हणाले, "हा मऊ आहे." चेहऱ्यावरून कळेना तक्रार आहे की कौतुक.

मग सगळे दिवे पाच मिनिटं बंद केले, तारे बघायला. तेवढ्यात पलीकडच्या कॅम्पवर डीजे लागला. असो.

दिवस 5: अबू धाबी

गाडी केली, दीड तास. आधी मंदिर. अबू मुरैखाला हायवेच्या बाजूला, 14 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. राजस्थानचा गुलाबी दगड, आत इटालियन संगमरवर, लोखंड न वापरता बांधलेलं, सात शिखरं, कारण यूएईतल्या अमिराती, म्हणजे छोटी राज्यं, सात. 27 एकर जागा तिथल्या तेव्हाच्या युवराजांनी दिलेली. कोरीवकामात उंट पण आहेत, आणि तेच बघायला मजा येते. सात गाभाऱ्यांत राम, शंकर, राधाकृष्ण, जगन्नाथ, बालाजी, अय्यप्पा, स्वामीनारायण. आईने सगळीकडे हात जोडले, बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाली, "सगळे आहेत. विठोबा कुठाय?" जाण्याआधी ऑनलाइन नाव नोंदवा आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आणि अंगभर कपडे, नवऱ्याच्या बर्म्युडावर लुंगी गुंडाळावी लागली.

बाबांच्या वेळी देव म्हणजे बर दुबईतलं छोटं मंदिर, 1958 पासूनचं, जिना चढून वर. त्यातलं शंकराचं देऊळ 2024 च्या सुरुवातीला जेबेल अलीला हलवलं. ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बोळात गेलो होतो पण बाबांच्या ओळखीचा जिना काही सापडला नाही.

मग शेख झायेद मशीद. ही मात्र चुकवू नका, काही झालं तरी. 82 घुमट, हजारच्या वर खांब, सगळं पांढरं. आतला गालिचा 5,627 चौरस मीटरचा, एकच, इराणमध्ये हजाराच्या वर बायकांनी हाताने विणलेला. झुंबर 12 टनांचं. प्रवेश फुकट, पण ऑनलाइन पास लागतो आणि बायकांना केस झाकून, घोट्यापर्यंत कपडे. संध्याकाळी जा, दिवे निळसर होतात, चंद्र जसा वाढतो-घटतो तसा त्यांचा रंग पण बदलत नेतात. आत शिरायच्या वाटेवर जमिनीखाली अख्खा मॉल आहे, तिथे आईला अबाया दिला. काळा, जरीची किनार. आरशात बघून म्हणाली, "बरा दिसतो की," आणि बाबांना फोटो काढायला लावला. तोच तिचा व्हॉट्सॲपचा डीपी आहे आता, सोसायटीत चर्चा झाली.

दिवस 6: फ्रेम, आणि एक शोध

सकाळी मिरॅकल गार्डन. वाळवंटात कोट्यवधी फुलं, फुलांनी मढवलेलं खऱ्या मापाचं विमान, सांडपाणी शुद्ध करून ते पाणी देतात. सुंदर आहे, गर्दी आहे, दीड तासात बघून होतं, उन्हाळ्यात बंद. पाम जुमेराला टॅक्सीने चक्कर मारली. समुद्रातून वाळू उपसून बनवलेलं ताडाच्या आकाराचं बेट. वाळवंटातली वाळू चालत नाही त्याला, वाऱ्याने घासून गोटी झालेली असते, धरत नाही. गंमत अशी की खाली रस्त्यावरून जाताना ताडबिड काही कळत नाही, नेहमीचा रस्ता आणि बिल्डिंगा, उंचावरून बघायचं तर वेगळं तिकीट.

दुपारी दुबई फ्रेम. झबील पार्कमध्ये 150 मीटर उंच फोटोफ्रेम, 2018 पासून. वर पूल आहे, त्याच्या मधल्या पट्ट्यात काचेची जमीन. आई त्यावर पाय ठेवेना. आयडिया अशी की एका बाजूने जुनी दुबई दिसते, दुसऱ्या बाजूने नवी. सगळे नव्या बाजूला गर्दी करतात. बाबा जुन्या बाजूला गेले आणि पोराला दाखवत राहिले, ते करामा, ते बर दुबई, तिकडं खाडी, पलीकडं देरा, तिथं माझी खोली. मग इकडे आले आणि काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ. मी विचारलं काय हवंय?

"ट्रेड सेंटर."

हे मला माहीतच नव्हतं. वर्ल्ड ट्रेड सेंटर, 39 मजले, 149 मीटर, 1979 मध्ये इंग्लंडच्या राणीने उद्घाटन केलेलं, म्हणजे बाबा आले त्याच वर्षी. तेव्हा गावातली सगळ्यात उंच बिल्डिंग आणि आजूबाजूला काही नाही, नुसती वाळू. जेबेल अलीच्या साइटवरून रात्री कामगारांची बस यायची, काळोख, बाहेर काही दिसायचं नाही, आणि मग लांबून ट्रेड सेंटरचे दिवे दिसले की सगळे उठून बसायचे, आलं दुबई. बाबांनी खिशातून कागदी 100 ची नोट काढली, आदल्या दिवशी एक्स्चेंजमधून मिळालेली. एका बाजूला तो 1787 चा किल्ला, दुसऱ्या बाजूला हीच बिल्डिंग. मी पाच दिवस त्या नोटा खर्च करत होते.

ती दिसली शेवटी. समोरच होती. मागच्या-पुढच्या टॉवरमध्ये उभी, पांढरट, जाळीजाळीची, आपल्याकडे सरकारी ऑफिस असतं तशी.

प्लॅनमध्ये नव्हतं पण गेलो. फ्रेमजवळच्या मेट्रोपासून पुढचंच स्टेशन. खाली रस्त्यावर उभे राहून बाबांनी बोटाने मजले मोजायला सुरुवात केली. 38 आले. परत मोजले, 40. पोरगं पण मोजायला लागलं, त्याचे 37. सिक्युरिटीचा नेपाळी मुलगा आला, काय चाललंय अंकल? बाबा म्हणाले, "काही नाही, 1979 में आया था मैं." तो म्हणाला, माझे वडीलच नव्हते जन्मले. मग त्याने पण मोजले. मग बाबा म्हणाले, माफी मुश्किल (तिकडच्या बोलीत "काही हरकत नाही"), 39 धरू.

म्युझियम ऑफ द फ्युचर तिथून एक स्टेशन. 2022 चं, मधे भोक असलेली चांदीची अंगठी, अंगभर अरबी अक्षरं, आणि ती अक्षरंच खिडक्या आहेत. तिकीट आधी काढलं नव्हतं, संपली होती, चूक माझी. बाहेरून बघितलं. बाहेरूनच जास्त छान आहे असं मी स्वतःला सांगितलंय.

परत

शेवटच्या सकाळी बाबा खालच्या सुपरमार्केटमध्ये गेले आणि टँगचा डबा, टायगर बाम सहा, खजूर, आणि एक भलंमोठं मिंक ब्लँकेट घेऊन आले. बाबा, हे सगळं डोंबिवलीत मिळतं, मी म्हटलं. आई म्हणाली, "आणू दे. मोकळ्या हाताने आले तर गावात काय म्हणतील." ब्लँकेटने बॅग बंद होईना. नवरा तिच्यावर बसला, चेन कशीबशी लागली, आणि ती कुठल्याही क्षणी फुटणार हे दिसत होतं.

मी खाली गेले, मीना बाजारात हार्डवेअरचं दुकान शोधलं आणि नायलॉनची दोरी आणली. 5 दिरहम. पिवळी नव्हती, हिरवी मिळाली.

बाबांनी आडवी दोनदा, उभी एकदा बांधली. मुंबईच्या बेल्टवर निळ्या बॅगा चार होत्या.